‘सुझाना तुम्हीच’ म्हणून उकळलेले पैसे

पाश्चात्त्य शास्त्रीय गायन शिकणारी आपली मुलं हल्ली मुंबई, पुणे, गोव्यातून युरोपात जाऊ लागली आहेत. त्यांच्यावर टपून बसलेल्या एका प्रकारच्या भामट्यांविषयी सांगायचं आहे. माझे तिकिटासकट तीन लाखांच्या वर गेले. त्यातले बरेचसे बाबांनी मुदत ठेव मोडून दिले होते.

मी सोप्रानो, म्हणजे उंच स्वरांत गाणारी. शिक्षण संपवून जर्मनीत ऑडिशन देत होते. यूट्यूबवरचं माझं गाणं ऐकलं म्हणून एका ‘एजंट’चा मेल आला. इटलीतल्या एका छोट्या गावात उन्हाळी महोत्सव, मोझार्टचा ‘ले नोत्से दी फिगारो’ हा ऑपेरा, म्हणजे गाऊन सादर होणारं नाटक, आणि त्यातली नायिका सुझाना मी! सुझाना चारही अंकांत जवळजवळ सतत रंगमंचावर असते, आणि चौथ्या अंकात रात्रीच्या बागेत तिची ‘देह व्हिएनी’ ही एरिया, म्हणजे एकटीने गायचं गाणं, येते. संथ, उघडी एरिया, आवाजातला एकही दोष झाकायला जागा नाही. मी ऑडिशनला तीच गात असे, आणि त्या माणसाने मेलमध्ये नेमकं तिचंच कौतुक केलं होतं.

ऑर्केस्ट्रा असेल, मोठ्या थिएटरांचे कास्टिंग डायरेक्टर ऐकायला येतील, असं लिहिलेलं. ‘सहभाग शुल्क’ 2,800 युरो, आणि लगेच भरले नाहीत तर भूमिका दुसरीला. खातं संस्थेचं नव्हे, एका माणसाच्या नावावर.

तिथे पोहोचल्यावर कळलं, सुझाना चौघी आहेत. प्रत्येकीला एक अंक. माझ्या वाट्याला दुसरा, म्हणजे ‘देह व्हिएनी’ नाहीच. ऑर्केस्ट्राच्या जागी एक पियानो, त्याची वरची पट्टी उतरलेली. पोशाख चौघींत एकच. अंक संपला की पडद्यामागे घामाने भिजलेला तो झगा काढून पुढचीच्या अंगावर चढवायचा आणि पाठीला सेफ्टी पिना लावायच्या. समोरच्या खुर्च्यांवर इतर गायक आणि त्यांचे आईवडील. कास्टिंग डायरेक्टर कोणीही आला नाही. शुल्क मात्र चारही सुझानांनी पूर्ण भरलं होतं.

पैसे परत मागितले तर करार पुढे केला. त्यात इटालियनमध्ये ‘प्रशिक्षण वर्ग’ असं लिहिलेलं होतं, आणि वर्ग तर झाला होता. बँकेनेही तेच उत्तर दिलं. भूमिकेचं वचन फक्त मेलमध्ये होतं, करारात त्याचा शब्दही नव्हता.

खऱ्या व्यवस्थेत पैसा उलट्या दिशेने वाहतो. जर्मनीत खासगी एजंट तुमच्या मानधनातून कमिशन घेतो, म्हणजे काम मिळाल्यावर. तिथल्या सरकारी रोजगार खात्याची कलाकारांसाठीची शाखा, झेडएव्ही, गायकांकडून काहीच घेत नाही. लंडनच्या रॉयल ऑपेरा हाउसचा 2001 पासून चालणारा तरुण कलाकारांचा कार्यक्रम पगार देतो. सॅन फ्रान्सिस्कोचा मेरोला कार्यक्रम 1957 पासून आहे, तिथेही निवड झालेल्यांकडून शिकवण्याचे पैसे घेत नाहीत. अमेरिकेत अर्जासाठी थोडं शुल्क घेतात, ते सर्रास चालतं. स्वतःला उघडपणे शिबिर म्हणवून फी घेणाऱ्या उन्हाळी अकादमीही प्रामाणिक असू शकतात. तिथे शिकायला जाताय हे तुम्हाला आधीच माहीत असतं. भूमिका दाखवून वर्ग विकणं ही मात्र सरळ फसवणूक आहे, आणि ती विशी-पंचविशीतल्या, घरापासून लांब असलेल्या मुलांची होते म्हणून माझा जास्त संताप होतो.

मेल आलाच तर त्या थिएटरला स्वतः फोन करा आणि त्या तारखांना तिथे काय आहे ते विचारा. मी नंतर विचारलं. आमचं ‘ऑपेरा हाउस’ म्हणजे नगरपालिकेचं भाड्याने मिळणारं सभागृह निघालं. भूमिकेचं नाव, प्रयोगांची संख्या, साथीला ऑर्केस्ट्रा की पियानो आणि तुमचं मानधन, हे चारही करारात लिहून मागा. आदल्या वर्षी तीच भूमिका केलेल्या गायिकेशी बोलू द्या म्हणा. माझ्याबरोबरच्या एका मेझोने (सोप्रानोपेक्षा खालच्या स्वरांत गाणारीने) पुढच्या वर्षी एका मुलीसाठी हे विचारलं, तेव्हा त्यांनी उत्तर देणंच बंद केलं.

हीच मंडळी आता मोझार्टच्याच ‘डॉन जोव्हानी’ या ऑपेरासाठी मेल पाठवत आहेत, भारतातल्या मुलांनाही. तुम्हाला आला असेल तर पैसे भरण्याआधी करार मला पाठवा. इटालियन मला आता येतं, मी वाचून सांगेन.