ध्यान शिकायला काय घ्यावं: स्मार्टवॉच, हेडबँड की छातीचा पट्टा?

माझा मावसभाऊ नागपूरच्या मिहानमध्ये आयटीत आहे, मागच्या महिन्यात त्याचा फोन आला की दादा ध्यान सुरू करायचंय, स्मार्टवॉच घेऊ का तो कपाळाला लावायचा हेडबँड. तोच प्रश्न ऑफिसातही दोघांनी विचारला म्हणून आता नीट लिहूनच काढतो. मी तिन्ही वस्तू वापरल्यात, आणि तिघी वेगवेगळं शिकवतात, हे आधी कोणी सांगत नाही.

घड्याळाचं थोडक्यात. मनगटाखाली हिरवा लाइट असतो, तो रक्ताच्या लहरीवरून नाडी मोजतो. ॲपलच्या घड्याळात २०१६ पासून श्वासाचं ॲप आहे, मनगटावर हलकं थरथरतं त्या तालात श्वास घ्यायचा, बाकी कंपन्यांकडेही असलं काहीतरी असतंच. पण मन कुठं भटकलंय ते घड्याळाला कळत नाही. त्याचा खरा उपयोग आठवण करून देण्याचा, संध्याकाळी सात वाजले की बस म्हणून सांगतं. आधीच हातात असेल तर महिनाभर तेच वापरा, पण बसताना नोटिफिकेशन बंद ठेवा. फक्त ध्यानासाठी नवीन घ्यायला मी तरी सांगणार नाही.

हेडबँडवर जरा सविस्तर बोलतो कारण लोकांना भुरळ त्याचीच पडते. म्यूज नावाचा बँड कॅनडाच्या कंपनीचा, २०१४ पासून बाजारात आहे. कपाळावर आणि कानामागे सेन्सर टेकतात, मेंदूची बारीक वीज टिपतात, आणि त्यावरून ॲप आवाज बदलतं, मन अस्वस्थ वाटलं की वारा-पाऊस वाढतो, शांत झालं की पक्षी बोलतात. विचार वाचत नाही हं, फक्त अंदाज बांधतं. भुवया आवळल्या, दात दाबले, पापण्या फडफडल्या तरी सिग्नल बिघडतो, कारण स्नायूंची वीज मेंदूच्या विजेपेक्षा कितीतरी मोठी असते. मी एकाकडून मे महिन्यात वापरायला आणला होता. खोलीत कूलर धडधडतोय, इअरफोनशिवाय पक्षी काही ऐकू येईना, आणि कानामागचा सेन्सर काही केल्या लागेचना. दोन दिवसांनी लक्षात आलं की डोक्याला खोबरेल तेल लावलंय तेच आड येतंय. मग ओल्या फडक्यानं कपाळ आणि कानामागे पुसून बसायला लागलो तेव्हा कुठं जमलं.

पण फायदा खरंच झाला. आधी मन भटकलं हे मला पाच-पाच मिनिटांनी कळायचं, बँड लगेच वारा वाढवायचा, आणि तीनेक आठवड्यांनी वारा वाढायच्या आधीच मला कळायला लागलं. नवशिक्याला हीच गोष्ट शिकायची असते. धोका एवढाच की पक्षी बोलला की मन हरखतं, आता दुसरा कधी येतो याची वाट बघतं, आणि तिथंच ध्यान सुटतं. म्हणून दोन महिन्यांपेक्षा जास्त लावू नका, आणि शक्यतो कोणाकडून तरी मागून आणा.

छातीचा पट्टा पळणाऱ्यांचा म्हणून ओळखला जातो, पोलारचा एच-टेन वगैरे. तो लाइटवर चालत नाही, ईसीजीसारखी हृदयाची वीज पकडतो, म्हणून दोन ठोक्यांमधलं अंतर मिलिसेकंदात अचूक कळतं. आतून पाण्यानं ओला करून बांधायचा. श्वास आत घेतला की ठोके जरा वाढतात, सोडला की कमी होतात, आणि मिनिटाला साधारण सहा श्वास, म्हणजे पाच सेकंद आत पाच सेकंद बाहेर, असं केलं की फोनवर ठोक्यांची लाट अशी गोल मोठी होत जाते की बघतच राहावं. हे ध्यान नाही, ध्यानाच्या आधीची तयारी आहे, पण ज्याचा जीव सतत घाईत असतो त्याला बसायला यानंच जमतं. पैशाच्या हिशेबानं मला हाच बरा वाटतो. हृदयाचे ठोके मुळातच अनियमित असतील तर मात्र या आकड्यांना अर्थ राहत नाही, अशांनी डॉक्टरलाच विचारावं.

आणि नागपुरात राहून माहुरझरीचं नाव न घेणं बरोबर नाही. तिथं कळमेश्वर रोडला विपश्यनेचं केंद्र आहे, दहा दिवसांचं शिबिर, फी नाही, नंतर इच्छा असेल तर दान. मोबाइल आणि बाकी इलेक्ट्रॉनिक वस्तू पहिल्याच दिवशी जमा करतात. सुरुवातीचे तीन दिवस फक्त नाकाशी येणारा-जाणारा श्वास बघायचा, आनापान म्हणतात त्याला, बँड जे वाऱ्यानं सांगतो ते तिथं तुमचं तुम्हालाच पकडावं लागतं. दहा दिवसांची सुट्टी मिळत असेल तर काही विकत घ्यायच्या आधी तिथं जाऊन या.

मावसभावाला सध्या सुट्टी नाही, म्हणून माझा पट्टाच दिलाय. त्या रात्री त्याचा फोन, दादा मी मोजून बघितलं, नुसता बसलो तरी मिनिटाला एकोणीस श्वास घेतोय. काल म्हणाला अकरावर आलाय.