व्हीआरएस घ्यायची की अठ्ठावन्नपर्यंत थांबायचं?

नोटीस बोर्डावर व्हीआरएसचा, म्हणजे स्वेच्छानिवृत्ती योजनेचा, कागद लागला की पहिल्या दिवशी सगळे थट्टा करतात. दुसऱ्या दिवशी कँटीनमध्ये मोबाइलवरचे कॅल्क्युलेटर निघतात. पिंपरी-चिंचवडमधल्या एका कारखान्यात पगार विभागात मी नोकरी केली, त्यात ही योजना दोनदा आली. टेबलासमोर खुर्ची ओढून "साहेब, तुम्ही काय केलं असतं?" असं विचारणाऱ्यांशी जे बोललो, तेच इथे लिहितोय.

एक गोष्ट आधीच. बीएसएनएलमधल्या मेव्हण्याचं उदाहरण घेऊ नका. तिथून जानेवारी २०२० अखेर ७८ हजारांवर लोक एकदम बाहेर पडले, पण त्यांच्यातल्या बहुतेकांना सरकारी पेन्शन होती. आपल्याला ईपीएस आहे, म्हणजे पीएफसोबतची पेन्शन, आणि त्यात फक्त दूध-भाजी भागते.

आता हिशेब. समजा वय ५४, नोकरी २८ वर्षं, बेसिक आणि डीए मिळून ४५ हजार, हातात येतात ५५ हजार. कंपनीच्या पत्रात खाली ठळक अक्षरांत "एकूण रक्कम ५१ लाख" असं असतं, आणि माणूस तिथेच विरघळतो. पण त्या ५१ मध्ये पीएफचे २०, ग्रॅच्युइटीचे सव्वासात आणि शिल्लक रजेचे पावणेदोन लाख धरलेले असतात. हे २९ लाख उद्या साधा राजीनामा दिला तरी तुमचेच आहेत. कंपनी खरोखर जास्तीचे देते ते २२ लाख. त्यातले ५ लाख करमुक्त, तेही आयुष्यात एकदाच, बाकीच्यावर कर. हातात साधारण २० लाख धरा.

दुसऱ्या पारड्यात चार वर्षांचा पगार: ५५ हजार गुणिले ४८, म्हणजे २६ लाख ४० हजार. पीएफमध्ये दोन्हीकडून पडणारी भर साडेचार लाखांच्या पुढे. ग्रॅच्युइटी लाखभराने वाढते. झाले ३२ लाख. व्याज आणि पुढच्या वेतनकराराची वाढ मी दोन्हीकडून सोडून दिलीय. फरक १२ लाखांचा, म्हणजे महिन्याला २५ हजार. चार वर्षं लवकर सुटण्याची ही किंमत. बाहेर महिन्याला २५ हजार मिळवून देणारं काही हातात असेल, तर पैशाच्या बाजूने दोन्ही पारडी सारखीच. "काहीतरी बघू" हे त्या हिशेबात धरायचं नाही. पन्नाशीच्या पुढच्या फिटरला गेटवर कोण उभं करतं, ते आपण सगळ्यांनी पाहिलंय. आणि त्याच मालकाच्या दुसऱ्या कंपनीत लागलात, तर ती ५ लाखांची करसवलतही अडचणीत येते.

नुसत्या त्या २० लाखांवर घर चालवायचं म्हटलं, तर ७ टक्के व्याज धरून महिन्याला ३५ हजार उचलले की महागाई न मोजताही पावणेसहा वर्षांत खातं रिकामं. एवढ्यात अठ्ठावन्न पार पडतं, हे खरं. पण अट एकच: मधल्या काळात पीएफला हात लावायचा नाही. आणि तिथेच गाडी अडते. गठ्ठा पैसा आला की गावाकडचं अर्धवट घर आठवतं, चुलतभावाला हातउसने लागतात, मुलाला गाडी लागते.

पेन्शनचं थोडक्यात. ईपीएस ५८ पासून पूर्ण मिळते. पन्नाशीनंतर आधीही उचलता येते, पण जितकी वर्षं आधी, तितकी वर्षं दरसाल ४ टक्के कपात, आणि ती कायमची. सप्टेंबर २०१४ पासूनची पगाराची १५ हजारांची मर्यादा आणि ३० वर्षं सेवा धरली तरी सूत्राने महिन्याला ६,४२८ रुपये होतात. २०१४ च्या आधीची वर्षं साडेसहा हजारांवर मोजली जातात, म्हणून प्रत्यक्षात त्याहून कमीच. एवढ्याशा रकमेला वर कात्री लावून घेऊ नका. नोकरी सोडलीत तरी पेन्शन ५८ लाच सुरू करा.

मेडिक्लेम मात्र आधीच विचारा. कंपनीची पॉलिसी बहुधा शेवटच्या दिवशी संपते. साखर-बीपी असलेल्याने नवी पॉलिसी घेतली, तर जुन्या आजारांसाठी तीन वर्षांपर्यंत थांबावं लागू शकतं. म्हणून सोडण्याआधीच त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत जाता येतं का ते बघा.

हिशेबाच्या कागदावर न येणाऱ्याही गोष्टी असतात. मुलीचं लग्न ठरवताना बायोडेटात "वडील: नोकरी" आणि "वडील: निवृत्त" यात फरक पडतो, पडू नये, पण पडतो. नाइट शिफ्टने ज्याची पाठ गेलीय, त्याला मी महिन्याचे ते २५ हजार सोडून द्या असंच सांगेन.

हे सगळं कारखाना चालणार आहे असं धरून. त्याचीच शंका असेल तर निर्णय सोपा आहे. नवी मशिनं दोन वर्षांत आली नाहीत, मेंटेनन्सवाले स्पेअर मागतात आणि स्टोअर "ऑर्डर टाकलीय" एवढंच म्हणतं, ट्रेनी घेणं बंद झालंय. अशा ठिकाणी अठ्ठावन्नची वाट बघणं धोक्याचं. कामगार कपात झाली तर कायद्याने भरपाई मिळते दर वर्षाला १५ दिवसांचा पगार. वरच्या उदाहरणात ते ग्रॅच्युइटीएवढेच, म्हणजे सव्वासात लाख होतात. २२ लाखांपुढे ते काहीच नाहीत.

जन्मतारीखही बघा. सीनियर सिटिझन सेव्हिंग स्कीम साठीनंतरची, पण व्हीआरएस घेतलेल्याला ५५ पूर्ण झाल्यावरच चालते. निवृत्तीचे पैसे मिळाल्यापासून तीन महिन्यांत खातं काढावं लागतं. ३० लाखांवर ८.२ टक्क्यांनी तिमाहीला ६१,५०० रुपये येतात. दुसऱ्या योजनेच्या वेळी आमच्या टूलरूममधला एकजण अर्ज घेऊन आला, त्याला ५५ व्हायला पाच महिने कमी होते. कंपनी लोकांना तीन टप्प्यांत सोडणार होती. त्याचा अर्ज मी तसाच परत दिला आणि म्हटलं, "शेवटचा टप्पा लिहून आण." तो चिडला, मित्र सगळे पहिल्या टप्प्यात होते. दुसऱ्या दिवशी बायकोला घेऊन आला. अर्ज तिनेच भरला होता, शेवटच्या टप्प्याचा.