पिंपल्सचं पॅकेज घेण्याआधी हे वाचा

इंदूरमधल्या आपल्या लोकांसाठी लिहितेय, घरात तरुण मुलगी असेल तर नक्की वाचा. माझी मुलगी 19 वर्षांची, हनुवटीवर आणि जबड्याच्या कडेला मोठमोठे दुखरे पिंपल्स यायचे, एक बसला की दुसरा. पलासियाकडे एका स्किन क्लिनिकमध्ये गेलो, तिथल्या पांढऱ्या कोटातल्या बाईने कॅमेऱ्यात चेहरा मोठा करून दाखवला, म्हणे बॉडीत टॉक्सिन साठलेत, सहा सिटिंग, पॅकेज 28000 चं पण आज भरले तर 24000. मी तिथंच भरले. पावती व्हॉट्सॲपवर पाठवतो म्हणाले, ती आजतागायत आलेली नाही.

सोबत एक पांढरी डबी दिली, ना औषधाचं नाव ना कंपनीचं, झाकणावर पेनाने नुसतं "रात्री" लिहिलेलं. पंधरा दिवसांत चेहरा असा उजळला की रामबागेतल्या ओळखीच्या दोघींना मीच तिथला पत्ता दिला, याचं मला फार वाईट वाटतं. दोन महिन्यांनी डबी संपली आणि चार दिवसांत चेहरा लालबुंद, नुसती आग आग, पुरळ पार कपाळापर्यंत. क्लिनिकवाले म्हणे नवीन डबी घ्या, 1800.

शेवटी त्वचेच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी आधी विचारलं, पाळी वेळेवर येते का? वर्षभरात चारदाच आली होती, मला वाटायचं अभ्यासाचं टेन्शन. मग मान बघितली. त्या मानेवरचा काळा पट्टा मी मळ समजून बेसन-लिंबाने घासायचे, पोरगी रडायची. तो मळ नव्हताच हो, इन्सुलिन शरीरात नीट काम करत नसलं की मानेच्या, काखेच्या घडीत कातडी अशी काळी आणि जाड होते. सोनोग्राफी, टेस्टोस्टेरॉन, थायरॉईड, शुगर सगळं केलं, पीसीओएस निघाला, म्हणजे बायकांचे हार्मोन बिघडून पाळी लांबते तो आजार. त्यात पुरुषी हार्मोन वाढले की त्वचेतल्या ग्रंथी जास्त तेल सोडतात, छिद्रं बुजतात, हनुवटीवरचे पिंपल्स त्याचेच आणि ओठावरची लवसुद्धा. वरून क्रीम चोपडून ते थांबणार कसं?

डबीत स्टेरॉइड असणार, असं डॉक्टर चेहरा बघूनच म्हणाले. त्याने आधी रंग उजळतो, मग कातडी पातळ पडते आणि बंद केलं की भडकते. असली बिननावाची डबी घरात असेल तर ती घेऊनच डॉक्टरकडे जा.

त्या दोघींकडे मी स्वतः जाऊन आले. एकीने ऐकलं. दुसरी अजून लावतेय, पुढच्या महिन्यात तिच्या भावाचं लग्न आहे.