कॅशलेस म्हणून दाखल झालो आणि ४६,५०० रुपये रोख मोजले

जळगाव शहरातील एका मध्यम आकाराच्या खासगी रुग्णालयात गेल्या कार्तिक महिन्यात माझे वडील सात दिवस दाखल होते. पैशांचा वाद अजून मिटलेला नसल्यामुळे रुग्णालयाचे नाव देत नाही. मात्र आमच्या बाबतीत जे घडले ते एकट्या या रुग्णालयापुरते नाही, हे अमळनेरपासून भुसावळपर्यंतच्या नातेवाइकांशी बोलल्यावर लक्षात आले, म्हणून सविस्तर लिहीत आहे.

नाना चौऱ्याहत्तर वर्षांचे आहेत. कापसाची वेचणी चालू असताना खळ्यातल्या गाठोड्याला अडखळून ते पडले आणि डाव्या खुब्याचे हाड मोडले. अमळनेरला एक्स-रे काढल्यावर सांधा बदलावा लागेल असे डॉक्टरांनी सांगितले. नानांच्या नावावर पाच लाखांचा मेडिक्लेम आहे आणि नऊ वर्षांत त्याचा एकही हप्ता चुकलेला नाही. विमा कंपनीच्या कॅशलेस यादीत, म्हणजे जिथले बिल कंपनी थेट रुग्णालयाला देते त्या यादीत, जळगावचे हे रुग्णालय होते. फोन करून तशी खात्री करून घेतली आणि त्याच रात्री नानांना तिकडे नेले.

उपचारांबद्दल माझी कसलीही तक्रार नाही, उलट कृतज्ञताच आहे. रात्रपाळीच्या सिस्टर दर दोन तासांनी येऊन नानांची कूस बदलत, पाठीला पावडर लावत, आणि तिसऱ्या दिवशी वॉकर धरून त्यांना पहिली चार पावले चालवली तेव्हा त्यांच्याइतका आनंद आम्हालाही झाला नसेल. टीपीए डेस्कवरचा, म्हणजे रुग्णालयात विम्याचे कागद पाहणारा मुलगाही कामात चोख होता. कॅशलेसची पहिली मंजुरी एका तासात आणि डिस्चार्जच्या वेळची अंतिम मंजुरी तीन तासांत द्यावी, असे विमा नियामक संस्थेने मे २०२४ च्या परिपत्रकात विमा कंपन्यांना सांगितले आहे. आम्हाला या दोन्ही मंजुऱ्या मुदतीच्या आत मिळाल्या. हातमोजे आणि तत्सम वस्तूंचे ३,८०० रुपये विम्यातून वजा झाले, पण ते पॉलिसीत लिहिलेलेच आहे.

खरी अडचण शस्त्रक्रियेच्या दिवशी सकाळी उभी राहिली. नानांना हिरवा गाऊन घालून स्ट्रेचरवर घेतले होते आणि थिएटरचे दार दहा पावलांवर होते. तेवढ्यात बिलिंगमधले एक गृहस्थ आले आणि त्यांनी माझ्या हातात एक चिठ्ठी ठेवली. एका औषध कंपनीच्या जाहिरातीच्या पॅडचा तो अर्धा फाडलेला कागद होता, त्यावर रुग्णालयाचे नाव नव्हते, तारीख नव्हती, सही नव्हती. पेन्सिलीने फक्त ‘भूल १२, सर्जन ३०’ असे लिहिलेले होते. भूलतज्ज्ञ आणि नाशिकहून येणारे सर्जन हे दोघेही ‘व्हिजिटिंग’ असल्यामुळे त्यांची फी कॅशलेसमध्ये बसत नाही आणि ती रोख स्वरूपात आताच द्यावी लागेल, असे त्यांनी शांतपणे सांगितले. नानांनी ते ऐकले. त्यांनी मान वळवून मला विचारले, “आते कितला देना पडतीन रे भाऊ?” काहीच नाही, असे मी त्यांना सांगितले. पाहुण्यांनी दोन एटीएम पालथी घातली, उरलेली रक्कम स्टेशन रोडवरच्या ओळखीच्या व्यापाऱ्याकडून आणली आणि मगच स्ट्रेचर आत गेला. पुढे रक्तदाब आणि साखर बघायला आलेल्या फिजिशियनच्या तीन भेटींचे ४,५०० रुपयेही असेच हातोहात गेले.

रक्कम मोठी होती, पण मला ती मागण्याची वेळ अधिक खुपते. हीच गोष्ट दाखल होताना सांगितली असती तर मी विमा कंपनीला विचारले असते किंवा दुसरे रुग्णालय पाहिले असते. थिएटरच्या दारात माणसाला काहीही निवडता येत नाही.

हे असे का होते, याची नंतर चौकशी केली. आपल्याकडे भूलतज्ज्ञ सहसा एका रुग्णालयाचे नोकर नसतात. ते सकाळी एका ठिकाणी आणि दुपारी दुसऱ्या ठिकाणी जातात. विम्याचे पैसे रुग्णालयाला काही आठवड्यांनी, करकपात होऊन मिळतात आणि त्यातला वाटा मिळेपर्यंत थांबण्याची बाहेरच्या डॉक्टरांची तयारी नसते. त्यांची ही अडचण मी खोटी मानत नाही. परंतु विमा कंपनी आणि रुग्णालय यांच्यात ठरलेल्या शस्त्रक्रियेच्या पॅकेजमध्ये सर्जनची व भूलतज्ज्ञांची फी बहुधा धरलेलीच असते. म्हणजे त्याच कामाचे पैसे विम्यातूनही घेतले जातात आणि रुग्णाच्या खिशातूनही.

अमेरिकेत हाच प्रकार इतका वाढला होता, की तिथे त्यासाठी ‘नो सरप्राइजेस अ‍ॅक्ट’ नावाचा कायदा करावा लागला. तो १ जानेवारी २०२२ पासून लागू आहे. रुग्णालय विम्याच्या यादीत असेल आणि तिथला भूलतज्ज्ञ मात्र यादीबाहेरचा असेल, तर रुग्णाकडून यादीतल्या दरानुसार येणाऱ्या हिश्श्यापेक्षा जास्त घेता येत नाही. उरलेल्या रकमेचा वाद डॉक्टर आणि विमा कंपनी आपापसांत सोडवतात. आपल्याकडे या नेमक्या प्रश्नावर इतके स्पष्ट संरक्षण माझ्या पाहण्यात आले नाही. महाराष्ट्रात शुश्रूषागृह नोंदणीच्या २०२१ च्या नियमांनुसार दरपत्रक आणि रुग्णहक्कांची सनद दर्शनी भागात लावणे बंधनकारक आहे. या रुग्णालयात सनद लावलेली होती, पण पाणी पिण्याच्या मशीनच्या मागे.

घरी आल्यावर मी तिन्ही रकमांचा दावा विमा कंपनीकडे पाठवला. फिजिशियनांनी क्रमांक असलेली, नोंदणी क्रमांकाची रीतसर पावती दिली होती, त्यामुळे त्यांचे ४,५०० रुपये मिळाले. उरलेल्या दोन रकमांबाबत कंपनीने लेखी कळवले, की सर्जन व भूल यांची फी पॅकेजमध्ये रुग्णालयाला आधीच दिलेली आहे, त्यामुळे ती पुन्हा देता येणार नाही. तेच पत्र जोडून मी रुग्णालयाला नोंदणीकृत टपालाने अर्ज केला. तीन आठवड्यांनी भूलतज्ज्ञांच्या १२,००० रुपयांचा धनादेश आला. सोबत कोणतेही स्पष्टीकरण नव्हते.

ज्यांच्यावर अशी वेळ येईल त्यांनी दाखल होतानाच टीपीए डेस्कवर विचारावे, की थिएटरमध्ये कोण कोण येणार आहे आणि त्यातल्या कोणाची फी बिलाबाहेर आहे. उत्तर कागदावर घ्यावे. रोख द्यावेच लागले तर पावतीशिवाय देऊ नये, निदान ऑनलाइन पाठवावे. विमा कंपनीशी वाद असेल तर आधी कंपनीकडे लेखी तक्रार करावी आणि महिनाभरात समाधान झाले नाही तर विमा लोकपालांकडे जावे. तिथे शुल्क नाही. रुग्णालयाशी असलेला वाद मात्र लोकपाल ऐकत नाहीत. पैसे देऊन घेतलेली वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्याखाली येते, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्येच स्पष्ट केले आहे आणि पाच लाखांपर्यंतच्या सेवेसाठी जिल्हा ग्राहक आयोगात तक्रारीचे शुल्कही लागत नाही.

उपचारांसाठी मी या रुग्णालयाला पाच तारे देतो आणि बिलासाठी एक. सर्जनांच्या ३०,००० रुपयांची पावती चौथ्यांदा मागितली आहे. ती रक्कम डॉक्टरांनी परस्पर घेतली, असे बिलिंगवाले सांगतात. वास्तविक पैसे त्यांच्याच काउंटरवर मोजून घेतले होते. ग्राहक आयोगासाठी कागद तयार केले आहेत. पुढे जे होईल ते तारखेसह याच लिखाणात जोडत जाईन.