‘फॅमिली क्रेस्ट’ची फ्रेम मागवण्याआधी साइक्स आडनावाचं एवढं बघा

इंग्लिश सासऱ्यांच्या साठीला काय द्यायचं, निवृत्त होणाऱ्या गोऱ्या साहेबाला काय द्यायचं, असा प्रश्न पडला की कुणीतरी हमखास सुचवतं: आडनावाचा इतिहास आणि वर रंगीत ढाल असलेली फ्रेम. वेबसाइटवर आडनाव टाइप करा, कार्डाने पैसे भरा, फ्रेम घरपोच. या धंद्यातली मेख अशी की कागदावरचं एकेक वाक्य तपासलं तर बहुतेक खरंच निघतं. फक्त ते तुम्ही ज्याला भेट देताय त्या माणसाचं नसतं.

साइक्स हे आडनाव घ्या. उत्तर इंग्लंडच्या बोलीत ‘साइक’ म्हणजे बारीक ओहोळ, बऱ्याचदा हद्दीवरचा पाणथळ चर. त्याच्या काठी राहणारा तो साइक्स, डोंगराकडचा डोंगरे तसा. वेस्ट यॉर्कशरमध्ये हडर्सफील्डच्या आसपास हे नाव दाट आहे. इथवर फ्रेमवरचा मजकूर बरोबर असतो.

आता चित्र बघा. पांढरी ढाल, तिच्यावर कौलारू छपरासारखा काळा पट्टा आणि तीन गोल, प्रत्येकात निळ्या-पांढऱ्या लाटा. त्या लाटांच्या गोलालाही घराण्यांच्या ढालचिन्हांच्या शास्त्रात ‘साइक’ म्हणतात, म्हणजे नावावरची कोटी. चिन्ह अस्सल आहे, पण ते ईस्ट यॉर्कशरमधल्या स्लेडमियरच्या साइक्स घराण्याचं. या घराण्याला 1783 मध्ये बॅरोनेट ही वंशपरंपरागत पदवी मिळाली आणि 1916 च्या साइक्स-पिको करारातले (ब्रिटन-फ्रान्सने मध्यपूर्व आपसात वाटून घेण्याचा गुप्त करार) मार्क साइक्स याच घराण्यातले. इंग्लंडमध्ये चिन्ह आडनावाला नव्हे, माणसाला दिलं जातं आणि पुढे त्याच्या औरस पुरुषवंशात चालतं. लंडनचं कॉलेज ऑफ आर्म्स 1484 पासून हेच काम करतं. हडर्सफील्डच्या विणकऱ्याच्या पणतूला ही ढाल विकणं म्हणजे सगळ्या शिंद्यांना ग्वाल्हेरच्या गादीचं प्रमाणपत्र वाटण्यासारखं आहे. बरं, ‘क्रेस्ट’ म्हणजे पूर्ण चिन्ह नव्हेच. शिरस्त्राणावरचा तुरा तेवढा क्रेस्ट. विक्रेता सगळ्या चित्रालाच ‘फॅमिली क्रेस्ट’ म्हणत असेल, तर त्याचं ज्ञान तिथेच कळतं.

मजकूर पारखायला दोन मिनिटं पुरतात. त्याच साइटवर हिल किंवा वुड असं दुसरं आडनाव टाकून नमुना उघडा. गावाचं नाव बदलून तेच परिच्छेद आले, तर तो साचा आहे. ‘प्राचीन नोंदींनुसार’ असं लिहिलंय, पण कोणत्या पॅरिशची (म्हणजे चर्चच्या हद्दीतल्या विभागाची), कोणत्या सालची, कुठल्या दप्तरातली नोंद ते नाही, हीही तीच खूण.

फ्रेमचा तोटा तसा थोडका. खरा खिसा कापला जातो तो ‘संपूर्ण वंशवृक्षा’च्या पॅकेजमध्ये. 1837 च्या जुलैपासून इंग्लंड-वेल्समध्ये जन्म, विवाह, मृत्यूची सरकारी नोंद आहे आणि 1851 पासूनच्या जनगणनेत जन्माचा पॅरिशही मिळतो. (1841 ची जनगणना फसवी: प्रौढांची वयं बहुधा पाचाच्या पटीत खाली उतरवलेली.) त्यामुळे तिथपर्यंतचं झाड बहुधा ठीक असतं. उडी मारली जाते ती त्याआधी, चर्चच्या रजिस्टरात. एकाच खोऱ्यात जॉन साइक्स नावाची चार-पाच मुलं; त्यातलं प्रतिष्ठित घराशी जुळणारं उचलायचं आणि जोडून टाकायचं. म्हणून प्रत्येक बाप्तिस्म्यापुढे त्याच पॅरिशची दफननोंद मागा. पणजोबांचा पणजोबा म्हणून दाखवलेलं पोर दोन वर्षांचं असतानाच पुरलेलं निघतं. तारखाही बघा: 1752 आधी इंग्लंडचं वर्ष 25 मार्चला सुरू व्हायचं. ते न कळणारा माणूस फेब्रुवारीतला बाप्तिस्मा आदल्या नोव्हेंबरातल्या लग्नाच्याही आधी नेऊन ठेवतो.

‘डीएनएने सिद्ध करून देतो’ हाही सापळाच. आडनावासोबत चालतो तो वाय गुणसूत्राचा धागा, बापाकडून मुलाकडे. त्यामुळे बाईच्या लाळेवरून वडिलांकडच्या आडनावाचा निकाल लागत नाही. त्यासाठी भाऊ, वडील किंवा चुलत्याचा नमुना लागतो. याच आडनावाचे ऑक्सफर्डचे जनुकशास्त्रज्ञ ब्रायन साइक्स यांनी 2000 मध्ये 48 साइक्स पुरुष तपासले, तेव्हा एकच वाय-खूण निम्म्याहून थोड्या कमी जणांत सापडली. बाकीच्यांचा धागा दत्तकविधान, आईकडून आलेलं नाव अशा कुठल्या ना कुठल्या कारणाने वेगळा.

भारतातली शाखा म्हणून कर्नल विल्यम हेन्री साइक्स यांचं नाव जोडलेलं असेल, तर दुप्पट सावध राहा. मुंबई लष्करातला हा माणूस 1824 पासून दख्खनची आकडेवारी गोळा करत होता. इथल्या एका चंडोलाला आजही इंग्रजीत त्याचंच नाव आहे. नाव प्रसिद्ध, म्हणून जोडायला सोपं. मुंबई इलाख्यातल्या युरोपियनांचे बाप्तिस्मे, लग्नं, दफनं ब्रिटिश लायब्ररीत एन/3 या मालिकेत आहेत. विक्रेत्याकडून त्यातला खंड आणि पान मागा.

पैसे भरताना ‘सात दिवस मोफत’च्या खाली वार्षिक वर्गणीची टिकखूण असते, ती काढा. ब्रिटनमध्ये ऑनलाइन खरेदी 14 दिवसांत परत करता येते, पण खास तुमच्या नावाने बनवलेल्या वस्तूला ती सवलत नाही, आणि विक्रेते नेमकं तेच पुढे करतात. वस्तू वर्णनाप्रमाणे नसल्याची तक्रार मात्र त्याने अडत नाही, म्हणून ‘तुमच्या कुटुंबाचं अधिकृत चिन्ह’ असं लिहिलेल्या पानाचा स्क्रीनशॉट पैसे भरण्याआधी घ्या. किंमत 100 पौंडांच्या वर असेल तर ब्रिटनमधलं क्रेडिट कार्ड वापरा. तिथल्या कायद्याच्या कलम 75 खाली बँकही जबाबदार धरता येते. भारतातून पैसे गेले असतील तर ग्राहक हेल्पलाइन 1915, आणि कार्डावर परस्पर डल्ला पडला असेल तर ताबडतोब सायबर फसवणुकीची हेल्पलाइन 1930.