वायरशार्क आणि एनमॅप: उद्यमबागेतल्या मशीन शॉपमध्ये आठ महिने वापरून

बेळगावच्या उद्यमबागेत आमचं लहानसं मशीन शॉप आहे. तिथलं नेटवर्क मी बघतो, म्हणजे टॅलीही माझ्याच गळ्यात आणि प्रिंटरची शाईही. दुपारी दोन वाजले की नेट रांगायला लागायचं आणि ऑफिसातून हाक यायची, 'अहो, जरा बघा की वो!' नेटवाल्याला फोन केला की एकच उत्तर, आमच्याकडून स्पीड बरोबर आहे.

म्हणून वायरशार्क घेतलं, म्हणजे नेटवर्कवरून काय ये-जा करतंय ते दाखवणारं सॉफ्टवेअर. फुकट आहे, 1998 पासून चालू आहे, तेव्हा नाव इथेरियल होतं. पहिले दोन आठवडे मात्र वाया गेले. लॅपटॉप स्विचला जोडून बसलो, तर माझीच ये-जा दिसायची, वर थोडा ब्रॉडकास्टचा, म्हणजे सगळ्यांना एकदम पाठवलेल्या संदेशांचा, गोंगाट. चूक सॉफ्टवेअरची नव्हती. स्विच ज्याचं पॅकेट, म्हणजे डेटाचा तुकडा, त्यालाच देतो, शेजाऱ्याला दाखवत नाही. शेवटी पोर्ट मिररिंग असलेला मॅनेज्ड स्विच आणला, राउटरच्या पोर्टाची नक्कल लॅपटॉपकडं वळवली, आणि स्टॅटिस्टिक्समधलं कॉन्व्हर्सेशन्स, म्हणजे कोण कुणाशी किती बोलतंय त्याची यादी, उघडलं. एकच आयपी पत्ता, म्हणजे एकच उपकरण, अख्खा अपलोड खात होतं.

तो पत्ता कुणाचा, हे एनमॅपनं सांगितलं. नेटवर्कवर कोणकोणती उपकरणं आहेत आणि त्यांची कुठली दारं उघडी आहेत, ते हे सॉफ्टवेअर शोधतं. माझ्या वहीत 19 उपकरणं, स्कॅनमध्ये 27! त्या पत्त्यावर कॅमेऱ्यांचा डीव्हीआर, म्हणजे रेकॉर्डिंगचा डबा, निघाला. त्याच्या वायरीवर इलेक्ट्रिशियननं 'हळेदु' लिहिलेलं, म्हणजे कन्नडमध्ये जुनं. मी ती मेलेली वायर समजून सोडून दिली होती. मोठे मालक दोनला जेवायला टिळकवाडीत घरी जातात आणि मोबाईलवर आठही कॅमेरे एचडीत बघत बसतात. सांगितलं तर म्हणाले, 'मग कामावर लक्ष ठेवू नको व्हय?' ॲपमध्ये सबस्ट्रीम, म्हणजे कमी दर्जाचं हलकं चित्र, लावून दिली, भांडण मिटलं.

गंभीर गोष्ट वेगळीच होती. त्याच डीव्हीआरवर पोर्ट 23, म्हणजे टेलनेट हे दुरून लॉगिन करायचं जुनं दार, उघडं आणि पासवर्ड बसवताना होता तोच. 2016 मध्ये मिराई नावाचं घातक सॉफ्टवेअर अशाच उपकरणांतून पसरलं होतं. पासवर्ड बदलला, बाहेरून येणारा पोर्ट राउटरवर बंद केला.

एनमॅप वापरताना एक जपा. व्हर्जन स्कॅनमध्ये, म्हणजे कुठल्या पोर्टवर कुठलं सॉफ्टवेअर आहे ते तपासताना, ते प्रिंटरचे 9100 ते 9107 पोर्ट आपणहून वगळतं. मी हौसेनं ऑलपोर्ट्स, म्हणजे काहीच वगळू नको असा पर्याय, दिलं, आणि प्रिंटरनं अगम्य अक्षरांचे कागद ओकायला सुरुवात केली. सीएनसीवरच्या, म्हणजे संगणकावर चालणाऱ्या मशीनवरच्या, जुन्या विंडोजला तर जॉब चालू असताना मी हातच लावत नाही, त्याला स्कॅन करायचं ते सुट्टीच्या दिवशी. शिवाय मालकांची परवानगी लेखी घेऊन ठेवलीय. दुसऱ्याच्या नेटवर्कात विनापरवाना शिरलं तर आयटी कायद्याचं कलम 43 आहेच.

मी सगळ्यांचं व्हॉट्सॲप वाचतो अशी आवई मध्यंतरी उठली होती. मजकूर एन्क्रिप्टेड असतो, दिसत नाही. पण कुठल्या साइटचं नाव विचारलं गेलं ते डीएनएसमधून, म्हणजे साइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधणाऱ्या यंत्रणेतून, बरंचसं कळतं, त्यामुळं आवई अगदीच खोटी म्हणता येत नाही.

एनटॉपएनजी हे नेटवर्कच्या वापराचे आलेख काढणारं सॉफ्टवेअरही लावून बघितलं. आलेख छान, पण त्यासाठी एक पीसी कायम चालू ठेवावा लागतो. महिन्याभरात बंद केलं. आता शनिवारी संध्याकाळी एनमॅपची यादी काढून आधीच्या यादीशी ताडून बघतो, वायरशार्क अडलं तरच उघडतो. नवीन माणसानं खर्च करायचा तर आधी मिररिंगवाल्या स्विचवर करावा.

जादाच्या आठांपैकी सातांचा हिशोब लागला. स्टोअरमधला वायफाय रिपीटर कुणी लावला, ते अजून कुणी कबूल केलेलं नाही.