सिंगापूर–न्यूयॉर्क विनाथांबा विमानसेवा: साडेअठरा तासांचे परीक्षण

सिंगापूर एअरलाइन्सची सिंगापूर ते न्यूयॉर्कच्या केनेडी विमानतळापर्यंतची सेवा ही आज जगातील सर्वांत लांब पल्ल्याची नियमित विनाथांबा प्रवासी सेवा आहे. सरळ हवाई अंतर सुमारे १५,३५० किलोमीटर, आणि प्रवासाचा वेळ साडेअठरा तासांच्या आसपास.

दोन्ही शहरांच्या रेखांशांत जवळजवळ १७८ अंशांचा फरक असल्यामुळे त्यांना जोडणारी पृथ्वीवरील सर्वांत छोटी रेषा उत्तर ध्रुवाला जवळपास स्पर्श करून जाते. विमान मात्र बहुधा तिकडे फिरकत नाही. न्यूयॉर्कला जाताना ते पॅसिफिक महासागरावरून पूर्वेकडे वाहणाऱ्या वेगवान वाऱ्यांचा आधार घेते आणि त्यासाठी हजारभर किलोमीटरचा वळसाही पत्करते. त्यामुळे नुसत्या अंतराला वेगाने भागून वेळ काढणाऱ्यांचे गणित या मार्गावर फसते. घड्याळाचा हिशेब तर आणखी चमत्कारिक आहे: दोन शहरांच्या वेळेत ऋतुमानानुसार बारा किंवा तेरा तासांचा फरक असल्याने प्रवासी उतरतो तेव्हा स्थानिक घड्याळ जेमतेम पाच-सहा तास पुढे सरकलेले असते. शरीराला मात्र सगळेच्या सगळे तास मोजावे लागतात.

न्यूयॉर्कशेजारच्या न्यू जर्सीतील न्यूआर्कसाठी २००४ मध्ये सुरू झालेली पहिली सेवा चार इंजिनांच्या विमानाचे इंधन परवडेना म्हणून २०१३ मध्ये बंद पडली. २०१८ पासून दोन इंजिनांचे एअरबस ए३५०-९०० यूएलआर (म्हणजे अतिलांब पल्ल्याचे) हे विमान १,६५,००० लिटर इंधनाच्या टाक्यांसह हा पल्ला गाठते. वजन आटोक्यात राहावे म्हणून त्यात १६१ आसनेच आहेत, ६७ बिझनेस आणि ९४ प्रीमियम इकॉनॉमी. साधी इकॉनॉमी नाहीच, आणि माझ्या मते सामान्य कुटुंबाच्या दृष्टीने या सेवेची हीच सर्वांत मोठी उणीव आहे. केबिनमधील हवेचा दाब सुमारे ६,००० फुटांवरच्या हवेइतका, म्हणजे कळसूबाईच्या माथ्याहून थोड्याच अधिक उंचीवरचा असतो; जुन्या विमानांत तो ८,००० फुटांच्या आसपासचा असे, आणि इतक्या लांबच्या प्रवासात थकव्याच्या बाबतीत हा फरक जाणवण्याजोगा आहे. एकट्या प्रवाशाने प्रीमियम इकॉनॉमीतील अगदी मागच्या तीन रांगांतील खिडकीलगतची सुटी आसने आधी पाहावीत, कारण तिथे शेजारी कोणीच नसतो.

याच कंपनीचे फ्रँकफुर्टमार्गे जाणारे विमान चार-पाच तास अधिक घेते, पण त्यात इकॉनॉमी आहे आणि मध्ये पाय मोकळे करता येतात. घाई नसेल, तर मी तेच सुचवीन. मुंबईकरांनी मात्र या वाटेला जाऊ नये: मुंबई–न्यूयॉर्क अंतर सुमारे १२,५०० किलोमीटर आहे, तर सिंगापूरमार्गे ते १९,००० च्या पुढे, म्हणजे जवळजवळ पृथ्वीच्या निम्म्या परिघाइतके होते. सिंगापुरात राहणाऱ्या आणि न्यू जर्सीत नातलग असलेल्या मराठी कुटुंबांना, भाडे झेपत असेल तर, ही सेवा खरोखर सोयीची आहे.